तिजोरी रिकामी असताना उदार कसे व्हावे

तुम्ही अर्थमंत्री झालात आणि नेमकी मंदी आली, तर घाबरून जाऊ नका. घाबरायला कारखानदार, मजूर आणि रिक्षावाले आहेत. एप्रिल-जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरला, तरी पॅकेज जाहीर करणाऱ्यांचा आवाज जराही घसरला नव्हता. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, योजना नंतर सुचतात. आकडा आधी ठरवा. तो भरघोस हवा, गोल हवा आणि जीडीपीच्या टक्केवारीत झटकन सांगता यायला हवा. १२ मे २०२० च्या रात्री जाहीर झालेला '२० लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या सुमारे १० टक्के' हा आजही आदर्श नमुना मानला जातो. तपशील लगेच सांगू नये. तो १३ ते १७ मे असा पाच दिवस, रोज एक पत्रकार परिषद घेऊन सांगावा. पाचव्या दिवशी बेरीज २०,९७,०५३ कोटी भरली. शेवटचे ते ५३ कोटी फार महत्त्वाचे. त्यांच्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की कोणीतरी खरोखरच हिशोब केला आहे.

आता बेरीज कशी भरायची ते पाहा. सर्वांत आधी रिझर्व्ह बँकेने केलेले सगळे उपाय आपल्या खात्यावर लिहून घ्या. ते ८,०१,६०३ कोटींचे निघतात आणि तुमच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही. सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा, ४ टक्क्यांवरून ३ वर आणला की बँकांचे १ लाख ३७ हजार कोटी मोकळे होतात. पैसे त्यांचेच असतात, पण 'उपलब्ध करून दिले' असे म्हणता येते. बँका ते कर्जाऊ देतील का? मंदीत कर्ज बुडण्याची भीती असते, म्हणून त्या ते रिव्हर्स रेपोत रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवतात. रिझर्व्ह बँकेने त्यावरचा व्याजदर एप्रिलमध्ये ३.७५ आणि मेमध्ये ३.३५ टक्क्यांवर आणून पाहिला, पण कर्ज बुडण्यापेक्षा साडेतीन टक्के केव्हाही बरे. पैसा निघाला तिथेच पोहोचला. मोजला मात्र गेला.

उरलेल्या रकमेसाठी हमीसारखे साधन नाही. छोट्या उद्योगांना ३ लाख कोटींचे विनातारण कर्ज बँका देणार, तुम्ही फक्त ते बुडाल्यास भरून देण्याची हमी द्यायची. त्यासाठी तरतूद किती? ४१,६०० कोटी, तीही चार वर्षांत मिळून. जाहिरातीत ३ लाख छापायचे, अर्थसंकल्पात ४१ हजार. अटी काळजीपूर्वक घाला: २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज फेडायचे बाकी होते त्याच्या २० टक्के नवे कर्ज मिळेल. म्हणजे ज्याने आयुष्यात कर्ज काढले नाही, त्या सज्जनाच्या शून्याचे २० टक्के किती होतात, हे बँक मॅनेजर त्याला समजावून सांगेल. आणि ज्याच्या मालाला गिऱ्हाईकच उरलेले नाही, त्याने नवे कर्ज काढून काय करावे, हा प्रश्न पत्रकार परिषदेत सहसा विचारला जात नाही.

यानंतर लोकांना त्यांचेच पैसे द्या. हा भाग नवख्या अर्थमंत्र्याला जमत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. भविष्य निर्वाह निधीची कपात तीन महिने १२ टक्क्यांऐवजी १० टक्के करा. पगार हातात थोडा जास्त येतो, म्हातारपणाची पुंजी तेवढी कमी होते. पॅकेजमध्ये ६,७५० कोटी जमा. टीडीएस, म्हणजे बिलांतून आधीच कापला जाणारा कर, एक चतुर्थांशाने घटवा. कर माफ झालेला नसतो, तो वर्षअखेरी भरायचाच असतो. पॅकेजमध्ये ५० हजार कोटी जमा. किसान क्रेडिट कार्डावरचे २ लाख कोटींचे पीककर्जही मोजा. शेतकऱ्याला ते फेडायचे आहे ही त्याची खासगी बाब झाली.

सरकारी नोकरदारांकडे तर विशेष लक्ष द्यावे. एप्रिलमध्ये त्यांचा महागाई भत्ता दीड वर्षासाठी गोठवा. ऑक्टोबरमध्ये सणाची उचल म्हणून १० हजार रुपये रुपे कार्डावर द्या आणि १० हप्त्यांत कापून घ्या. शिवाय रजा प्रवास सवलतीची व्हाउचर योजना आणा: प्रवासाला न जाता भाड्याचे पैसे घ्यायचे, पण भाड्याच्या तिप्पट खरेदी करायची, तीही १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंची आणि डिजिटल पद्धतीनेच. रेल्वेचे मानीव भाडे माणशी ६ हजार धरले तर चौघांच्या कुटुंबाला २४ हजार मिळतात आणि ७२ हजार खर्चावे लागतात. त्यातून सरकारकडे जीएसटीचे किमान साडेसात हजार परत येतात. आवळा देऊन कोहळा काढावा म्हणतात, तो असा पावतीसकट.

एक धोका सांगून ठेवतो. पॅकेजमध्ये काही गोष्टी अशा घुसतात की त्यांत खराच पैसा जातो आणि तो गरिबाच्या हातात पडतो. रेशनचे धान्य आणि रोजगार हमी या दोन त्यातल्या. 'मनरेगा'ला २०२०-२१ साठी ६१,५०० कोटी ठेवले होते. गावी परतलेले मजूर कामावर आले आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. ही योजना मागणीवर चालत असे. मंदी वाढली की खर्च आपोआप वाढे, कोणाला फीत कापावी लागत नसे. म्हणून तर ती अर्थमंत्र्यांना आवडत नसे. पुढच्याच वर्षी तरतूद ७३ हजार कोटींवर आणली गेली, हे बरे झाले. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात हीच चूक केली होती आणि वर तिच्यासाठी व्यवसाय कर लावला. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते हेच. मंदीवरचा उपाय मंदीच्या आधीच पैशांसह तयार ठेवणे हे आर्थिक शिस्तीत बसत नाही.

आता जमेची बाजू. मंदीत कर वाढवू नये असे पुस्तकात लिहिलेले असते. कच्चे तेल स्वस्त होईल तेव्हा ते पुस्तक मिटून ठेवा. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. पेट्रोलवरचे एकूण उत्पादन शुल्क ३२ रुपये ९८ पैसे झाले. खरी कारागिरी त्याच्या विभागणीत आहे. १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर, १२ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, आणि मूळ शुल्क २ रुपये ९८ पैसे. राज्यांना ४१ टक्के वाटा फक्त मूळ शुल्कातून द्यायचा असतो. म्हणजे लिटरमागे सगळ्या राज्यांना मिळून १ रुपया २२ पैसे, आणि त्यात महाराष्ट्राचे सात-साडेसात पैसे. मग राज्यही गप्प बसत नाही. महाराष्ट्राने जूनपासून आपले २ रुपये वाढवले. पंपावर माणूस एकाच सरकारला शिव्या देतो, कोणत्या ते त्याच्या मतावर अवलंबून.

राज्यांनी जीएसटीची भरपाई मागितली तर? कायद्यात २०१५-१६ हे पाया वर्ष धरून राज्यांच्या करउत्पन्नात दरसाल १४ टक्के वाढीची पाच वर्षांची हमी लिहिलेली होती. ती लिहिताना मंदी येणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते. ऑगस्ट २०२० मध्ये जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर सांगण्यात आले की ही देवाची करणी आहे. नारळातल्या पाण्याची वाटणी मात्र अशी: तूट २ लाख ३५ हजार कोटी, त्यातली ९७ हजार जीएसटीमुळे, बाकीची देवामुळे, राज्यांनी कर्ज काढावे. बरीच ओढाताण झाल्यावर केंद्राने १ लाख १० हजार कोटी स्वतः उचलून राज्यांना कर्ज म्हणूनच दिले आणि ते फेडायला भरपाई उपकर मार्च २०२६ पर्यंत लांबवला.

राज्यांना कर्जमर्यादाही वाढवून द्या: राज्याच्या जीडीपीच्या ३ टक्क्यांवरून थेट ५. मग अटी लावा. अर्धा टक्का बिनशर्त. एक टक्का पाव-पाव करून रेशनकार्ड, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नगरपालिकांचे उत्पन्न या चार सुधारणांसाठी. उरलेला अर्धा चारपैकी तीन झाल्या तर. साथीत ऑक्सिजन शोधणाऱ्या अधिकाऱ्यांना संध्याकाळी घरपट्टीचे दर सुधारायला तेवढाच विरंगुळा.

तुम्ही केंद्रात नसून मंत्रालयात बसला असाल, तर काम सोपे आहे. नोटा छापता येत नाहीत, कर्जाला दिल्लीची संमती लागते आणि जीएसटीचे दर एकट्याने बदलता येत नाहीत. म्हणून एक शासन निर्णय काढा. ४ मे २०२० चा नमुना आहेच: विकासाच्या तरतुदीपैकी फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवी कामे नकोत, आरोग्य सोडून नोकरभरती नको, फर्निचर-झेरॉक्स यंत्रांची खरेदी नको, बदल्याही नकोत. (बदल्या जुलैत १५ टक्क्यांपर्यंत सुरू झाल्या. अर्थव्यवस्थेचा तेवढा भाग सर्वांत आधी सावरला.) देशातल्या एकूण सरकारी खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग राज्ये करतात. तेव्हा दिल्ली एका हाताने मागणी वाढवत असताना तुम्ही सगळे मिळून ती दोन्ही हातांनी कमी करता.

लोकांना काहीतरी दिल्यासारखे दिसायला हवे असेल तर मुद्रांक शुल्क कमी करा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ते ५ वरून २ टक्के केले, मार्चपर्यंत ३. एक कोटीच्या फ्लॅटमागे ३ लाख वाचले आणि दस्तनोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. हा उपाय खरोखर लागू पडला, हे मान्य करावेच लागेल. ज्यांची नोकरी शाबूत होती त्यांनी पुढच्या वर्षीची खरेदी या वर्षी उरकली, एवढाच त्यातला बारकावा.

आणि कात्री लावूनही पैसे पुरेनात, तर देयके थांबवा. तूट रोखीने मोजली जाते. काम झाले पण बिल दिले नाही, तर खर्चच झाला नाही. रस्त्याचे काम पूर्ण होते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, बिल तयार होते आणि निधी वितरणाची वाट पाहत विभागात पडून राहते. कंत्राटदार खडीवाल्याचे थकवतो, खडीवाला डिझेलवाल्याचे, ट्रॅक्टरवाला हप्ता चुकवतो. हे व्याज कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. फार ओरड झालीच तर मार्चअखेरीस शंभरातले वीस-तीस रुपये सोडावेत, बाकीच्यासाठी पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मांडावी आणि तिला उत्तर देण्याची पाळी शक्यतो पुढच्या अर्थमंत्र्यावर येईल असे पाहावे.