‘हात काढता येत नव्हते’ म्हणणाऱ्यांना

‘एक जुना वाचक’ यांस,

ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शिलेच्या स्त्री-रेखाटनांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘याला साधे हात काढता येत नव्हते आणि तुम्ही आरत्या ओवाळताय. नॉयलेंगबाखला तो 21 नाही, 24 दिवस तुरुंगात होता. कोवळ्या मुली समोर बसवल्या, त्यांच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.’ आणि शेवटी दात काढणारी स्मायली. ती कशाला? मुद्दा असला की स्मायली लागत नाही.

24 दिवस, मान्य. 1912 मध्ये, व्हिएन्नाजवळच्या त्या गावात, 21 दिवस कच्ची कैद आणि वर 3 दिवस शिक्षा, बेरीज करायची राहिली. लेखात दुरुस्ती केली आहे. मला चूक कबूल करायला लाज वाटत नाही.

आता हात. ‘साधे’ म्हणजे कसे हो? कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे? हा पोरगा 1906 मध्ये, 16 व्या वर्षी, व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. हात येत नसलेल्याला तिथे उभं केलं नसतं. रेखाटताना तो खोडरबर वापरत नसे. मॉडेल समोर असताना फक्त रेष, रंग मागाहून, ती गेल्यावर. ती पेरं सुजल्यासारखी दिसतात, सांध्यांवर तांबडा-हिरवा डाग असतो, ते त्याने ठरवून केलेलं आहे. छायाचित्रकार अंतोन त्रच्काने 1914 मध्ये काढलेले त्याचे फोटो बघा. स्वतःची बोटंसुद्धा तो तशीच ताणून, वाकवून उभा आहे. आता फोटोलाही हात येत नव्हते म्हणा!

आणि 1917 ची ती हिरव्या ब्लाउजमधली बाई, गुडघा वर घेऊन त्यावर डोकं टेकून बसलेली. ती बघूनही ज्याला आधी ॲनाटॉमी आठवते, त्याला काय सांगावं?

मी हे हवेत बोलत नाही. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ब्रश धुतच मी मोठा झालो. इंटरमिजिएटच्या तयारीत मेमरी ड्रॉइंगला मी भाजीवाली काढली होती. सरांनी कागद वर धरला आणि तिच्या हाताला ‘केळ्यांचा घड’ म्हणून सगळ्या वर्गाला दाखवला. पुढे दोन वर्षं माझ्या चित्रांतल्या सगळ्या बायका हात पदराखाली घेऊन उभ्या असायच्या. ग्रेड ‘ए’ मिळाली, तीही पदरामुळेच. त्यामुळे ‘हात काढता येत नव्हते’ हे वाक्य मी जरा वेगळ्या कानाने ऐकतो. तुम्ही शेवटचा हात कधी काढलात, तेही कळवा.

राहिला मुलींचा प्रश्न. लेख रेषेवर होता, खटल्यावर नव्हता. सवडीने लिहीन.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने या. जुने वाचक आहात म्हणता, मग तोंड लपवायचं कारण काय?