महिनाअखेरची चिकोरी

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला किंग्ज सर्कलच्या बागेच्या कठड्यावर आम्ही पाच जण जमतो. गेल्या रविवारी वादाला तोंड फुटलं ते मंदारच्या कपावरून. हा आयटीवाला कागदी कप घेऊन आला. आत काळी कॉफी, दूध नाही, साखर नाही. पक्याने डोकावून विचारलं, "केवढ्याला?"

"दोनशे सत्तर."

"एवढ्यात माझा दिवसभराचा चहा, दोन वडापाव आणि रात्रीची कॉफी भागते," पक्या म्हणाला. तो रात्रपाळीला टेम्पो चालवतो. "आणि माझ्या कॉफीत दूधपण असतं."

शुभा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, तिला एवढं निमित्त पुरतं. "कुणीही आपली कॉफी सांगा, मी घरात पगार किती येतो ते सांगते," ती म्हणाली. पुडीवाला, बाटलीवाला, फिल्टरवाला, मशीनवाला अशी तिने उतरंडच लावली. मग तिच्या बोलण्यात जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल आला. (मार्क्सचा दोस्त तो एंगल्स वेगळा, हे ती दर वेळी बजावते.) उत्पन्न वाढलं की खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा घटतो, हे त्याने १८५७ साली मांडलं. त्यामुळे मंदारला दोनशे सत्तर टोचत नाहीत आणि पक्याला वीससुद्धा टोचतात, असा तिचा हिशेब.

"टोचत नाहीत कोण म्हणालं?" मंदार पुटपुटला.

मी मध्ये पडलो. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च पाहणीत शहरी घरांच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ३९.१७ टक्के निघाला आणि ग्रामीण घरांच्या ४६.३८. इथवर एंगेल बरोबर. पण पेयं आणि बाहेरचं तयार खाणं एवढाच भाग काढला तर शहरात १०.६४ टक्के, गावात ९.६२. म्हणजे फरक जेमतेम एका टक्क्याचा. खिशाप्रमाणे माणूस धान्यावरचा वाटा कमीजास्त करतो, पण घोटभर चैनीचा वाटा सगळेच बाजूला काढतात.

"वाटा सारखा, रुपये नाहीत," शुभाने लगेच पकडलं. "शहरात माणशी महिन्याचा खर्च ६,४५९ आणि गावात ३,७७३. दहा टक्के कशाचे, तेही बघ." हे मला मान्य करावं लागलं.

पक्याला टक्केवारीत रस नव्हता. त्याची कॉफी म्हणजे दोन रुपयांची पुडी. टपरीवाला ग्लासभर दूध उकळतो, पुडी फाडतो, तीन चमचे साखर घालतो आणि वरून धार धरून फेस आणतो. "झोप उडवायला कॉफी आणि पोटाला दूध-साखर. पहाटे चारला वाशीत माल उतरवून बघ, मग तुझी ती काळी पी," तो मंदारला म्हणाला. मला हे आवडलं. साखर कमी, दूध कमी, मग दोन्ही बंद, ही पायरी चढायला पोट आधी दुसऱ्या कशाने तरी भरलेलं लागतं. जिममध्ये जाणाऱ्याची काळी कॉफी आणि रात्रपाळीवाल्याची गोड कॉफी यांत जिभेपेक्षा जेवणाचा फरक जास्त आहे.

मग पक्यानेच विचारलं, "पण पुडीवर टॅक्स असतो का रे?" इथे शुभाचा सूर बदलला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा इन्स्टंट कॉफीवर २८ टक्के लावला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ वर आला आणि पुढे जवळजवळ आठ वर्षं तसाच राहिला. भाजलेल्या कॉफीच्या बियांवर मात्र ५ टक्के. म्हणजे मंदार चिकमगळूरच्या मळ्याचं नाव छापलेली पिशवी घरी मागवणार, त्यावर ५, आणि पक्याच्या पुडीत १८ मुरलेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ५ झाला.

"मग पुडी स्वस्त झाली का?" मी विचारलं.

पक्या हसला. "पुडी दोनचीच. दोनची पुडी दोनचीच असते."

पुडीची खरी गोष्ट हीच. छापील किंमत सुट्ट्या नाण्याला बांधलेली असते, त्यामुळे बिया महागल्या की कंपनी किमतीला हात लावत नाही, वजनाला लावते. बाटली घेणाऱ्याला भाववाढ दिसते तरी. पुडीवाल्याला फक्त कॉफी जरा पांचट लागते आणि तो टपरीवाल्याला शिव्या घालतो.

आमच्या घरी कॉफी हा पाहुण्यांचा मामला होता. रोज चहा. कॉफी उपासाला, नाहीतर जावई आले की. दुधात उकळून, वर जायफळ किसून. डबा फडताळात सगळ्यात वर. सांगायचा मुद्दा असा की वडिलांचा पगार वाढला, तिप्पट झाला, तरी तो डबा खाली आला नाही. पैशाने कॉफी रोजची झाली असती तर आमच्याकडे झालीच असती. शुभा म्हणाली, "एक घर म्हणजे पुरावा नव्हे." बरोबर आहे. पण मद्रासकडे हातावर पोट असलेला माणूसही सकाळी फिल्टर कॉफीचा डबरा-टंबलर (वाटी आणि पेला) हातात घेतो, हे एका घराचं उदाहरण नाही.

"आणि कॉफी हाउस?" मंदारला एकदम आठवलं. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून १९५७ पासून ती स्वतः चालवली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी होते. तिथे कपभर कॉफीवर कवी, युनियनवाले आणि बेकार पोरं तासन्‌तास बसत. उलट १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघालं ते सायबर कॅफे म्हणून. "दोन्हीकडे विकली बसायची जागा," मंदार म्हणाला. "दोनशे सत्तरमधले निम्मे भाड्याचे धर."

"तू तर कप घेऊन इथे कठड्यावर बसलायस," पक्या म्हणाला. यावर मंदारकडे उत्तर नव्हतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. जन्म माटुंग्याचा, घरी तमिळ, बाहेर आमच्यापेक्षा चोख मराठी. "शुभा, तुझ्या उतरंडीत माझं घर बसव बघू," ते म्हणाले. त्यांचे वडील टायपिस्ट, खाणारी तोंडं सात. एक तारखेला वडील स्टेशनजवळच्या दळणाच्या दुकानातून पाव किलो आणायचे, निम्मी पीबेरी, निम्मी प्लांटेशन (दोन्ही बियांचे प्रकार), आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची भुकटी, वीस टक्के. पंधरा तारखेनंतर तीस. पंचवीस उजाडली की चाळीस, कारण चिकोरी स्वस्त आणि डिकॉक्शनला (गाळून काढलेल्या अर्काला) रंग तेवढाच गडद. शिवाय आई वापरलेल्या भुकटीवर दुसऱ्यांदा पाणी ओतायची, ते मुलांचं. "कॅलेंडर बघायची गरज नव्हती. घोट घेतला की तारीख कळायची."

"म्हणजे माझंच म्हणणं," शुभा खूश झाली.

"थांब. आता माझी सून एकटी वडिलांच्या दसपट कमावते. घरात पितळेचा फिल्टर आहे, शोकेसमध्ये. सकाळी सातची लोकल गाठायची, थेंब थेंब गळायची वाट कोण बघणार? ती बाटलीतली इन्स्टंट पिते. तुझ्या हिशेबाने आम्ही खाली उतरलो."

शुभा क्षणभर थांबली आणि मग वेळेचीही किंमत धरावी लागते वगैरे सुरू झाली, पण ऊन अंगावर यायला लागलं होतं. उठलो. अण्णांना स्वतःपुरती पावडर घ्यायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत गेलो. गिरणीतून ताजी भुकटी पडत होती, फुटपाथभर वास. दुकानदाराने वजनकाट्यावर पिशवी ठेवत विचारलं, "अण्णा, चिकोरी चाळीसच ना?"

"चाळीसच," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वीसची आणून बघितली रिटायर झाल्यावर. कॉफीसारखी लागेचना."