व्हेरिकोसील सापडलं म्हणून लगेच ऑपरेशन? त्या मेसेजमधलं बरंच चुकीचं आहे

एक मेसेज जोरात फिरतोय, की व्हेरिकोसील (म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगणं) असलेल्या पुरुषाला मूल होतच नाही, सोनोग्राफीत दिसलं की लगेच ऑपरेशन करून टाका, तीन महिन्यात गुड न्यूज पक्की आणि रिस्क शून्य. आधीच टेन्शनमध्ये असलेली जोडपी हे वाचून ऑपरेशनची तारीख घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतोय.

"मूल होतच नाही" हे साफ खोटं. व्हेरिकोसील १०० पैकी साधारण १५ पुरुषांना असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात, कित्येकांना तर असं काही आहे हे कळतही नाही. हां, मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण ३५ ते ४० टक्के निघतं, म्हणजे संबंध आहेच. शिरांत रक्त साचतं, तिथलं तापमान वाढतं आणि शुक्राणूंवर परिणाम होतो.

"सोनोग्राफीत दिसलं की ऑपरेशन", याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हाताला न लागणाऱ्या, फक्त डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) दिसणाऱ्या बारीक शिरांचं ऑपरेशन करून मूल होण्याची शक्यता वाढते असा भक्कम पुरावा नाही, अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची गाइडलाइन पण अशांना ऑपरेशन नको म्हणते. मग करायचं कुणी? ज्याला उभं करून तपासलं की शिरा हाताला लागतात, ज्याचे सीमेनचे म्हणजे वीर्याचे रिपोर्ट (एकावर जाऊ नका, निदान दोन) बिघडलेले आहेत आणि जोडपं मुलासाठी प्रयत्न करतंय, त्याने. बायकोच्या तपासण्या पण त्याच वेळी व्हायला हव्यात, तिचं वय ३५ च्या पुढे असेल तर ऑपरेशन करून थांबायचं की आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) जायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. रिपोर्ट नॉर्मल असेल तर मुलासाठी म्हणून कापाकापी कशाला?

"तीन महिन्यात गुड न्यूज". अहो, नवे शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, तीन महिन्यांनी फक्त पहिला रिपोर्ट करायचा असतो! योग्य पेशंट निवडला तर साधारण ६० ते ७० टक्के लोकांचा रिपोर्ट सुधारतो, पण रिपोर्ट सुधारला म्हणजे दिवस गेलेच असं नाही, त्याला सहा महिने, वर्ष लागू शकतं आणि काहींना नंतरही आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ लागतं. शुक्राणू शून्य असतील तर प्रकरणच वेगळं.

आणि "रिस्क शून्य"? वृषणाभोवती पाणी साचू शकतं म्हणजे हायड्रोसील, शिरा परत फुगू शकतात, क्वचित धमनीलाही इजा होते. मायक्रोस्कोपखाली केलं तर धमनी आणि लसिकावाहिन्या (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नीट दिसतात, वाचवता येतात, म्हणून त्यात हे सगळं बरंच कमी होतं. तेव्हा सर्जनला सरळ विचारा, मायक्रोस्कोप वापरणार का, आणि माझ्या शिरा तुमच्या हाताला लागल्या का.