लिनक्सपासून चार हात लांब राहायचं असेल तर

"जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू का?" असं विचारणारे लोक हल्ली परत वाढलेत. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरोघरचे बरे चालणारे लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे झाले, मग माणसाच्या डोक्यात नको ते विचार येणारच. तुमच्याही डोक्यात असं काही यायला लागलं असेल तर ते वेळीच कसं दाबायचं ते सांगतो. लिनक्सबद्दलचे गैरसमज आपण वीस-पंचवीस वर्षं जिवापाड जपलेत, कुणीतरी भाचा येऊन पेन ड्राइव्ह लावतो आणि ते घालवून टाकतो हे चालायचं नाही.

सगळ्यात आधी हे पक्कं धरून चला की लिनक्स फक्त हॅकर लोकांसाठी असतं. काळा स्क्रीन, भराभर पळणारी हिरवी अक्षरं, टोपीवाला जर्किन घातलेला पोरगा आणि "सर, त्यांनी आपली सिस्टिम हॅक केलीय", सिरियलमध्ये दाखवतात तेच खरं. लिनक्स मिंट नावाचा लिनक्सचाच एक सोपा प्रकार २००६ पासून आहे, त्यात खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, उजव्या कोपऱ्यात घड्याळ असतं, फायरफॉक्स, फोटो, गाणी सगळं साधारण विंडोज ७ च्या जागेवरच सापडतं, असं काही कुणी दाखवायला लागलं तर सरळ मोबाईल काढून त्यात बघत बसा. मोबाईल अँड्रॉइडचा असला तर उत्तमच, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, म्हणजे लिनक्स वापरता वापरताच "आपल्याला बाबा लिनक्स जमायचं नाही" असं म्हणायची सोय होते. आजी रोज सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकते ते लिनक्सवरूनच, आणि तिला अजून एकही कमांड पाठ नाही, पण हे तिला सांगू नका, उगाच घाबरेल.

दुसरं, फुकटची वस्तू चांगली नसते हे येताजाता म्हणत राहा. आपण कसे, रीतसर विंडोज वापरतो. रीतसर म्हणजे काय, तर लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेला पीसी, त्यात गल्लीतल्या पोराने तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून दिलेलं विंडोज, आणि त्याच पेन ड्राइव्हमधून आलेला, विंडोज विकत न घेता चालू करून देणारा अॅक्टिव्हेटर. हा अॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो कारण तो जाम ओरडतो. तो बंद करायचा, कुणी बनवलंय त्याचा पत्ता नसलेली फाइल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, मग अँटीव्हायरस परत चालू करायचा आणि चहा पिताना गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "पण काय हो, ते लिनक्स सेफ असतं का? कोण बनवतं, काय बनवतं, काही कळत नाही."

कोण बनवतं हा प्रश्न फार छान आहे, उत्तर मात्र शोधू नका. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, फक्त छंद म्हणून, फार मोठी वगैरे काही होणार नाही. इथपर्यंतच लक्षात ठेवा, पुढचं विसरा. म्हणजे आता कर्नलचं बहुतेक काम इंटेल, गूगल, रेड हॅट असल्या कंपन्यांचे पगारी इंजिनियर करतात, ती रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतली, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले झाडून सगळे लिनक्सवर चालतात. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा ऐरावत जून २०२३ च्या यादीत ७५ वा आला तेव्हा आपण अभिमानाने फॉरवर्ड केलं होतं, तोही त्यातलाच. असू दे. सुपरकॉम्प्युटरचं ठीक आहे हो, आपलं काम जास्त हेवी असतं. आपल्याला लाइट बिल भरायचं असतं.

मायक्रोसॉफ्टचंही ऐकू नका, ते लोक भरवशाचे राहिले नाहीत. २००१ मध्ये त्यांचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सर म्हटलं होतं तेव्हा किती बरं वाटलं होतं, आणि २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची मेंबर होऊन बसली, वर विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोयही स्वतःच काढली. कंपनीने पलटी मारली म्हणून आपण कशाला मारायची, आपण २००१ वरच ठाम राहायचं.

२००१ वरून आठवलं, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स पण त्याच वर्षी सुरू झाला. सरकारी नोकरीला लागतं म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने ते केलं आणि त्यातून 'कॉम्प्युटर येतो' म्हणजे काय ते कायमचं ठरलं. स्टार्ट बटण दिसलं की कॉम्प्युटर येतो, नाही दिसलं की येत नाही. पेंटमध्ये झोपडी, मागे दोन डोंगर, मधे सूर्य, आणि वर्डमध्ये बायोडाटा. आणि सगळ्यात पवित्र गोष्ट म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारणं. हे कोर्सच्या पुस्तकात होतं की नाही माहीत नाही, पण कॉम्प्युटर सुरू केला की पाच-सात वेळा मारल्याशिवाय आपला हात पुढे जातच नाही, आणि मारलं की मशीन फास्ट होतं अशी आपली श्रद्धा. ते फक्त आयकॉन परत काढून दाखवतं, रॅमला त्याचा पत्ताही नसतो, असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, "मग लिनक्समध्ये रिफ्रेश कुठंय?" तो गप्प बसतो. हा मुद्दा आजवर कुणालाही खोडता आलेला नाही.

केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतायत आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच देतायत, पण ती पोरं वेगळी, त्यांचं पाणी वेगळं. आणि पवईला आयआयटी मुंबईने स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प केलाय, त्यात लिनक्सचे धडे मराठीतून फुकट ऐकायला मिळतात. तिकडे चुकूनही फिरकू नका, मराठीत समजलं तर सबबच संपली.

आता मराठीचा विषय निघालाच आहे तर हा हमखास प्रयोग करून बघा. डीटीपीवाल्याने २००८ साली श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये करून दिलेली लग्नपत्रिकेची फाइल घ्या, लिनक्सवर लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखंच फुकटचं सॉफ्टवेअर) उघडा, सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा भुगा दिसेल, लगेच जाहीर करा की लिनक्सवर मराठी चालत नाही. ती फाइल शेजारच्या विंडोजवर तो फॉन्ट टाकल्याशिवाय उघडली तरी तसाच भुगा दिसतो, कारण गडबड त्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत आहे, पण हे तपासायला कोण जातंय. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसायची पद्धत), इनस्क्रिप्ट असले शब्द टाळा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सरकारने १९८६ मध्ये ठरवला, तो विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच चालतो, एकदा हात बसला की मशीन कुठलं आहे हे बोटांना कळतही नाही, त्यामुळे हा मुद्दा आपल्या फायद्याचा नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. खरी कारणं अजिबात सांगू नका. दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल तर ती लिनक्सवर सरळ बसत नाही, फोटोशॉप नाही, ऑटोकॅड नाही, पोरगं व्हॅलोरंट खेळत असेल तर तेही नाही, आणि एखादा प्रिंटर नाहीतर डिजिटल सहीचा डोंगल असा निघतो की त्याच्या कंपनीला लिनक्स माहीतच नाही. ही सगळी कारणं खरी आहेत आणि म्हणूनच बिनकामाची, कारण खरं कारण दिलं की समोरचा "बरोबर आहे, मग तुम्ही विंडोजच ठेवा" म्हणून निघून जातो, वाद तिथेच संपतो. त्यापेक्षा "त्यात इंटरनेट चालतं का?" हे विचारा, दोन तास आरामात जातात.

एवढं करूनही कुणी टाकायलाच लावलं, तर फसेल असं टाका. सुरुवात आर्च या लिनक्सच्या अवघड प्रकारापासून करा, मिंट-उबुंटू हे सोपे प्रकार लेच्यापेच्यांसाठी. बॅकअप घेऊ नका. इन्स्टॉलरने "डिस्क पूर्ण पुसू का?" विचारलं की लग्नाचे फोटो डी ड्राइव्हवर आहेत हे विसरून हो म्हणा. पेन ड्राइव्हवरूनच बूट करून आधी वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते बघता येतं, हार्ड डिस्कला हातही न लावता, पण ते केलं तर धोका जातो आणि धोका गेला तर नातेवाइकांना सांगायला काय उरतं? पुढे काही अडलं की कुठून तरी सुडोने (मशीनचा सगळा ताबा देणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी लांबलचक कमांड उचला, न वाचता चिकटवा, एंटर मारा, पासवर्ड मागितला तर तोही द्या.

आता आमच्या लिनक्सवाल्यांसाठी पण थोडं, त्यांना का सोडायचं. तुम्ही "लिनक्सला व्हायरस येतच नाही" हे छाती फुगवून म्हणत राहा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घुसवला होता, आणि बहुतेक लोकांच्या मशीनपर्यंत पोचायच्या आत तो सापडला तो एका इंजिनियरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून संशय आला त्यामुळे. तो इंजिनियर मायक्रोसॉफ्टचा होता, हे आपल्यात बोलायचं नसतं. नवीन माणसाने "आवाज येत नाहीये" असं विचारलं तर त्याला मॅन्युअल वाच म्हणा, मग विंडोजला शिव्या द्या, आणि मग लोक लिनक्सकडे का येत नाहीत यावर रात्री दोनपर्यंत चर्चा करा. दरवर्षी जानेवारीत हे वर्ष डेस्कटॉप लिनक्सचं असं सांगायचं विसरू नका.

राहता राहिला तो लॅपटॉप. विंडोज ११ त्याला घेत नाही, कारण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे. स्क्रीन चांगला आहे, कीबोर्ड चांगला आहे, आठ जीबी रॅम आहे, मागच्याच वर्षी एसएसडी टाकून घेतलीय. म्हणजे भंगारच. भंगारवाला किलोवर घेईल, त्याच्याशी घासाघीस करू नका. फक्त त्याला हाक मारायच्या आधी मला एक फोन करा, मी त्याच्यापेक्षा शंभर रुपये जास्त देतो, चार्जर असेल तर दीडशे.