रिओ, चोरी आणि तानपुरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या डायमंड रिओ पीएमपी३०० या खिशात मावणाऱ्या एमपी३ (संगणकावर दाबून लहान केलेल्या ध्वनिफायली) वाजवणाऱ्या यंत्रावरील लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. दोन ओळींत तिची बोळवण करणे बरे दिसले नसते, म्हणून हे लांबलेले उत्तर. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : १९९८ च्या अखेरीस नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असताना मी हे यंत्र घेतले आणि पुढे काही वर्षे माझे बरेचसे ऐकणे त्याच्यावरच झाले, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर आपले म्हणणे असे की, ३२ मेगाबाइटचे हे खेळणे कॅसेटच्या वॉकमनपुढे कोणत्याही बाबतीत टिकणारे नव्हते. त्याचा खरा उपयोग चोरीची गाणी ऐकण्यापुरता होता आणि गाण्यांच्या फायली इंटरनेटवरून एकमेकांना फुकट देणारी नॅपस्टर ही सेवा नसती तर ते कोणी घेतलेच नसते. खरी सुरुवात आयपॉडने केली. आणि दोनशे डॉलर मोजून केलेल्या एका हौसेला मी आता ‘मालकी’ वगैरे मोठ्या शब्दांचा मुलामा देत आहे.

चोरीचा आरोप सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी घेते. रिओ बाजारात आला सप्टेंबर १९९८ मध्ये आणि नॅपस्टर सुरू झाले जून १९९९ मध्ये. म्हणजे ज्याच्या जिवावर रिओ विकला गेला असे आपण म्हणता, ते त्या वेळी जन्मालाच आलेले नव्हते. एमपी३ फायलींची चोरटी देवाणघेवाण त्याआधीही चालत असे, हे खरे आहे, आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु त्या भीतीपोटी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये डायमंड कंपनीवर जो दावा लावला, त्याचे पुढे काय झाले हे आपल्या प्रतिक्रियेत कोठेच येत नाही.

तो दावा १९९२ च्या एका कायद्याखाली होता. डिजिटल ध्वनिमुद्रण करणारे उपकरण बनवणाऱ्याने त्यात प्रतीवरून पुन्हा प्रत निघू न देणारी यंत्रणा बसवावी आणि उपकरणाच्या किमतीवर स्वामित्वशुल्क भरावे, अशी त्या कायद्याची मागणी होती. ‘रिओ हे असेच उपकरण आहे, आणि कंपनीने या अटी पाळलेल्या नाहीत’ असा संघटनेचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयाने प्रथम काही दिवसांची तात्पुरती स्थगिती दिली, मात्र त्याच महिन्यात विक्री थांबवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. १५ जून १९९९ रोजी नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येते त्या विभागाच्या) अपील न्यायालयाने निकाल दिला की, रिओ स्वतः ध्वनिमुद्रण करत नाही, तो फक्त संगणकाच्या हार्ड डिस्कवरची फाइल उतरवून घेतो. आणि संगणक हा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे रिओही बसत नाही. निकालातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. दूरदर्शनवरचा कार्यक्रम टेपवर घेऊन सवडीने पाहण्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्यता दिली होती. तिचा दाखला देऊन या न्यायालयाने म्हटले की, आपल्या हार्ड डिस्कवर असलेले गाणे सोबत नेता यावे म्हणून त्याची प्रत करणे हा निखळ वैयक्तिक, बिगरव्यापारी वापर आहे. हार्ड डिस्कवरचे गाणे मुळात कोठून आले, याचे उत्तर या निकालाने दिलेले नाही आणि चोरीच्या फायलींना त्याने पवित्रही करून घेतलेले नाही. निर्णय यंत्रापुरता होता, आणि त्या यंत्राला चोराचे हत्यार मानायला न्यायालय तयार झाले नाही.

ओघात आपल्याकडचेही सांगून टाकते. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला पूर्वीपासून सूट होती, पण त्या उपकलमात साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि कलाकृती यांचाच उल्लेख होता. संगणक आज्ञावली वगळता कोणत्याही कृतीला ती सूट लागू झाली २०१२ च्या दुरुस्तीने, आणि ध्वनिमुद्रणे तेव्हा तिच्या कक्षेत आली. तोपर्यंत घरोघरी एका कॅसेटवरून दुसरी भरून घेणारे आपण सगळे कायद्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला होतो, हा प्रश्न रिओला विचारण्याआधी आपल्या टू-इन-वनला (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्राला) विचारायला हवा होता.

आता माझ्या रिओवर काय होते ते. पुण्यात मी ज्यांच्याकडे गाणे शिकत होते त्या बाईंनी त्यांच्या तालमी ध्वनिमुद्रित करायला आम्हा विद्यार्थ्यांना परवानगी दिलेली होती, आणि अमेरिकेला निघताना कपड्यांच्या जोडीला मी त्या कॅसेट भरल्या होत्या. तिकडे डेकच्या लाइन-आउटमधून साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये वायर जोडून, बाईंचा आवाज तार सप्तकात गेला की फाटणार नाही इतपत पातळी आधी खाली आणून, त्या एकेक करून मी संगणकावर उतरवल्या. आवाज एकाच माइकने घेतलेला असल्यामुळे फाइल स्टिरिओ करण्याचे कारण नव्हते. सेकंदाला ६४ किलोबिटच्या मोनो फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला १२८ किलोबिटच्या साध्या स्टिरिओइतकेच बिट येतात आणि जागा मात्र निम्मी लागते. त्यामुळे ज्या यंत्रात एरवी अर्ध्या तासाहून थोडे अधिक संगीत मावे, त्यात माझी तासाभराची तालीम बसत असे. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांचेही हेच गणित : मुद्रण मुळातच मोनो आणि लांबी तीन मिनिटांच्या आसपास, म्हणजे वीसेक नाट्यपदे सहज.

वॉकमन सरस होता हे आपले विधान मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगताना आधी आपल्या बाजूचे जेवढे बरोबर आहे तेवढे मांडते. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटची एमपी३ फाइल तिचा अकरावा हिस्सा ठेवते. एका मोठ्या स्वराच्या छायेत जे बारीक ध्वनी कानाला तसेही जाणवत नाहीत ते गाळायचे, हे त्यामागचे तत्त्व. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ते कौशल्याने वापरले, तरी त्या काळचे एन्कोडर (आवाजाची एमपी३ फाइल बनवणारी सॉफ्टवेअर) आपल्या संगीतात दोन जागी उघडे पडत. तबल्याच्या किनारीवरचा टणक ‘ना’ किंचित भुरकट होई, कारण आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करताना आघाताचा गोंगाट आघाताच्या अगोदरच्या क्षणभरातही पसरतो. आणि जवारी (तारेला घोळदार झंकार देणारी घोडीची रचना) चांगली लागलेल्या तानपुऱ्याचे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वरांश सोळा हजार हर्ट्झच्या आसपास छाटले जात. चांगल्या डेकवर, चांगल्या टेपवर भरलेली कॅसेट या दोन्ही बाबतींत पुढे होती.

मात्र खिशातल्या वॉकमनवर ऐकताना प्रश्न वेगळाच असतो. टेप मोटर ओढते, मोटर सेलवर चालते, आणि सेल उतरायला लागले की षड्जच खाली सरकतो. चित्रपटगीतात वाद्यमेळ दाट असतो, तेथे हे खपून जाते. ज्या संगीतात तानपुरा अखंड एकाच स्वरावर उभा असतो, तेथे किंचितही हेलकावा लपत नाही, आणि त्या ढळत्या षड्जाशी सूर मिळवून रियाज करणारा विद्यार्थी नकळत चुकीचा सूर पक्का करतो. रिओतल्या आवाजाचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला असे. त्यात एकच पेन्सिल सेल लागे, आणि तो संपत आला म्हणून स्वर उतरत नसे. सेल संपला की यंत्र सरळ बंद पडे. मूळ कॅसेटमधला थरकाप अर्थातच फाइलमध्ये तसाच राही, पण त्यात नवी भर पडत नसे. भुरकट ‘ना’ आणि ढळता ‘सा’ यांत निवड करायची असेल, तर गाणे शिकणारी व्यक्ती काय निवडेल हे सांगायला नको.

शिवाय ‘खेळणे’ हा शब्द मला ज्या कारणाने खटकला, ते कारण एका बटणात आहे. रिओवर ‘ए-बी’ असे लिहिलेले एक बटण होते. ते एकदा दाबले की सुरुवात ठरे, दुसऱ्यांदा दाबले की शेवट ठरे, आणि मधला तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही. मुखड्याला कोठून उठायचे, तान कोणत्या मात्रेपासून वळवून समेवर आणायची, हे कळेपर्यंत बाईंची ती एकच जागा मला ऐकता येत असे. कॅसेटवर हेच करताना अंदाजाने मागे जायचे, थोडे जास्तच मागे जायचे, आणि हवी ती जागा येईपर्यंत हातातली लय सुटलेली असायची. पडद्यावर गाण्याचे नाव दिसत नसे, नुसता क्रमांक आणि वेळ. त्यामुळे कोणत्या क्रमांकावर कोणता राग आहे याची चिठ्ठी मी वेगळी ठेवत असे. त्याची गैरसोय होती, पण सवयीने ती जाणवेनाशी झाली.

आयपॉडविषयी थोडक्यात. रिओच्याही आधी, १९९८ मध्येच, कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन हा एमपी३ वादक आलेला होता, आणि १९९९ मध्ये ४.८ गिगाबाइटच्या हार्ड डिस्कचा पर्सनल ज्यूकबॉक्स हा वादकही. आयपॉडची घोषणा २३ ऑक्टोबर २००१ ची, तीही सुरुवातीला फक्त मॅक वापरणाऱ्यांसाठी. तोशिबाची १.८ इंची डिस्क आणि फायरवायर या संगणकाशी जोडणाऱ्या केबलचा वेग यांच्या जोरावर त्याने हे सगळे सुटसुटीत केले, हे श्रेय निर्विवाद आहे. सुरुवात त्याची नाही.

‘मालकी’ हा शब्द मी मुलाम्यासाठी वापरलेला नाही. त्याच सुमारास सोनीचे मेमरी स्टिकवर चालणारे वॉकमन आले. त्यांच्यासाठी स्वतःच्या सीडीवरचे गाणेसुद्धा ॲट्रॅक या सोनीच्या स्वरूपात बदलून, कुलूपबंद करून, ठरावीक सॉफ्टवेअरमधूनच यंत्रात ‘चेक-आउट’ करावे लागे, तेही मर्यादित वेळा. आवाज म्हणून ॲट्रॅक काही वाईट नव्हते. पण ती किल्ली ऐकणाऱ्याच्या हातात नव्हती, आणि ते सॉफ्टवेअर मागे पडल्यावर तशा फायली सांभाळणाऱ्यांची पंचाईत झाली. माझा रिओ आज निकामीच आहे, कारण त्याला प्रिंटरचा पॅरलल पोर्ट आणि विंडोज ९८ च्या काळातले सॉफ्टवेअर लागते. तालमीच्या फायली मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय आजच्या फोनवर वाजतात, आणि २०१७ मध्ये एमपी३ च्या पेटंटांचा परवाना कार्यक्रमही बंद झाल्यामुळे पेटंटांचा प्रश्नही उरलेला नाही. ‘फोनवर सगळे मिळते’ असे आपण लिहिता. प्रकाशित झालेले पुष्कळ मिळते, हे मान्य; बाईंच्या तालमी कोणत्याही ॲपवर मिळणार नाहीत.

राहिला किमतीचा मुद्दा. दोनशे डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेआठ हजार रुपये, आणि त्या पैशांत ढीगभर कॅसेट आल्या असत्या, हा आपला हिशेब चोख आहे. नव्या गाण्यांचा संग्रह वाढवू इच्छिणाऱ्याला त्या वेळी मीही कॅसेटच घ्यायला सांगितले असते. मला संग्रह वाढवायचा नव्हता. होत्या त्याच तालमी रोज कार्यालयात जाता-येता ऐकायच्या होत्या, आणि त्यासाठी ते पैसे मी पुन्हाही दिले असते.