आई थांबली की मी तिच्याभोवती चालायचे

पोस्ट लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकते.

मागच्या वर्षीची गोष्ट. आई आणि मी संध्याकाळी चालायला गेलो होतो. वाटेतल्या एका झाडावर पक्ष्यांच्या जोडीचं घरटं बांधणं चाललं होतं, ते बघायला आई थांबली. ती थांबते तेव्हा पूर्ण थांबते, हात मागे बांधून, मान वर करून. मी थांबले नाही. मी तिच्याभोवती छोट्या गोलात फिरत राहिले, हात मुद्दाम जोरजोरात हलवत, कारण हात हलला नाही तर मनगटावरचं घड्याळ पावलं नीट धरत नाही.

"बघ, केवढी काडी उचललीय त्याने," आई म्हणाली. मी हो हो म्हटलं आणि घड्याळाकडे बघितलं. ८,३१२.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अगं, जरा एका जागी उभी राहा ना. मलाच गरगरायला लागलंय."

ती रागावून बोलली नव्हती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आठवायला गेले, तर तो पक्षी कुठल्या रंगाचा होता तेही मला सांगता येईना. आकडा मात्र लख्ख आठवत होता. अजूनही आठवतो.

तेव्हापासून या विषयावर मी खूप विचार केलाय, थोडं वाचलंय, आणि स्वतःवर बरेच प्रयोग केलेत. माझं मत असं झालंय की ज्या आकड्यांनी मला व्यायामाला लावलं, त्यांनीच पुढे त्यातली गोडी काढून घेतली. दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच "घड्याळ फेकून द्या" असं मी कुणालाही सांगणार नाही.

सुरुवात सांगते. पाच वर्षांपूर्वी माझा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी इतकी बारीक झाली होती की ती माझी वाटेना. फिजिओथेरपिस्टने एक साधी वही करायला सांगितली: तारीख, किती मिनिटं चाललात, दुखलं का. पहिल्या दिवशी चार मिनिटं. आठवड्याने सात. मग तीन दिवस सूज आल्यामुळे शून्य, मग परत पाच. त्या काळात माझा पाय मला रोज सांगायचा की काहीही सुधारत नाहीये, आणि वही सांगायची की सुधारतंय. वहीचं खरं होतं. जिथे आपलं मन निराशेने खोटं बोलत असतं, तिथे आकडा हात धरून पुढे नेतो, हे मी अनुभवलंय आणि त्याबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन.

हे माझ्यापुरतंच आहे असंही नाही. २००७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये पावलं मोजण्याच्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. यंत्र लावणाऱ्यांचं चालणं दिवसाला दोन हजारांहून जास्त पावलांनी वाढलं होतं. ज्यांनी ठरावीक लक्ष्य ठेवलं होतं त्यांच्यात फरक ठळक होता. बसल्या जागेवरून माणूस उठवायचा असेल तर मोजणं उपयोगी पडतं.

वही भरली तसा मी मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा बँड घेतला आणि बँडने मला दहा हजारांचं लक्ष्य दिलं. हे दहा हजार कुठून आले हे मला कितीतरी उशिरा कळलं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये तिथे एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, उच्चारायला छान. कुठल्याही वैद्यकीय प्रयोगातून तो निघालेला नव्हता. आणि त्या आकड्यासाठी मी काय काय केलं!

तापात चालले. सलग २११ दिवस लक्ष्य पूर्ण केल्याची स्ट्रीक होती, ती तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला, अंगात ताप असताना, बेडरूमच्या भिंतीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घातल्या. नवरा उठून बसला आणि काही न बोलता बघत राहिला. बाराला पाच कमी असताना मनगट थरथरलं, पडद्यावर रंगीत फटाके उडाले आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. त्या क्षणी मला आनंद झाला नव्हता. सुटल्यासारखं वाटलं होतं, कर्जाचा हप्ता भरल्यावर वाटतं तसं.

याहून वाईट गोष्ट हळूहळू झाली, म्हणून ती लक्षात यायला वेळ लागला. माझा व्यायाम मला काय आवडतं यावर ठरेनासा झाला. काय मोजलं जातं त्यावर ठरायला लागला. मला पोहायला लहानपणापासून आवडतं. पण पोहण्याची पावलं होत नाहीत, म्हणून पोहणं मागे पडलं. चढाचा रस्ता मला आवडायचा, वर पोचल्यावर छाती भरून येते ती आवडायची. पण चढावर पेस, म्हणजे वेग, घसरतो आणि आठवड्याचा ग्राफ खराब दिसतो, म्हणून सपाट रस्ता. सायकल सुटली. मैत्रिणीबरोबर रमतगमत चालणं सुटलं, कारण ती हळू चालते. स्ट्रेचिंग तर घड्याळाच्या लेखी जवळजवळ काहीच नाही, आणि मोडलेल्या घोट्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती. एकेक करून गेलं सगळं. कुणी माझ्याकडून ते हिसकावून घेतलं नाही, मीच सोडत गेले. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

आणि धावणं. एका सकाळी मी पाच किलोमीटर धावून आले. अंग हलकं, श्वास मोकळा, घोटा जराही बोलला नाही. दोन वर्षांत असं धावणं झालं नव्हतं. थांबले, मनगट वळवलं, तर पेस दर किलोमीटरला ७ मिनिटं ४० सेकंद. आदल्या आठवड्यापेक्षा हळू. मन खट्टू झालं. दोन सेकंदांपूर्वी मी खूश होते! पायांनी, फुप्फुसांनी, सगळ्या अंगाने दिलेली साक्ष मी एका आकड्यासाठी फेटाळून लावली.

बरं, ज्याच्यावर इतका विश्वास टाकतो तो आकडा तरी किती पक्का असतो? घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकतं, रक्त तो शोषून घेतं, हृदयाच्या दर ठोक्याला शोषलं जाण्याचं प्रमाण बदलतं, त्यावरून ठोके मोजले जातात. हे जमतं बऱ्यापैकी. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली. त्यातल्या सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण जळालेल्या कॅलरीजचा अंदाज? सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. मी त्या कॅलरीजवर रात्री किती जेवायचं हे ठरवत होते.

हार्ट रेटच्या झोनचंही, म्हणजे किती ठोक्यांना किती जोर धरायचा त्या टप्प्यांचंही, तसंच. बऱ्याच ठिकाणी झोन ठरतात ते २२० वजा वय या सूत्रावर. हे सूत्र ढोबळ सरासरी आहे, एकाच वयाच्या दोघांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. माझं घड्याळ मला लाल, म्हणजे सगळ्यात जास्त जोराच्या, झोनमध्ये टाकून इशारे द्यायचं तेव्हा मी शेजारच्या बाईंशी पूर्ण वाक्यात गप्पा मारत धावत असायचे. आणि धावताना बोलता येणं ही साधी, जुनी आणि भरवशाची कसोटी आहे: गप्पा मारता येतात म्हणजे मध्यम जोर, दोन-चार शब्दांतच धाप लागली तर जास्त जोर. स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी तर किती दमलो हे माणसालाच विचारून ६ ते २० अशी मोजपट्टी केली, आणि ती डॉक्टर आजही वापरतात. दमणाऱ्याला विचारा, त्याला कळतं. हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं.

मोजल्याने गोडी का जाते, याचं उत्तर मला जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ च्या संशोधनात सापडलं. त्यांनी सहा प्रयोग केले, चालणं, वाचणं अशा लोक आवडीने करतात त्या गोष्टींवर. मोजल्यावर लोकांनी ती गोष्ट जास्त केली, पण त्यांना मजा कमी आली. लक्ष किती झालं याकडे गेलं की आवडीची गोष्टही कामासारखी वाटायला लागते, आणि मग पुढे ती करण्याची ओढ कमी होते. वाचताना मला ती तापातली रात्र आठवली. शब्द तोच होता, काम.

इथे माझ्या धावणाऱ्या मित्रमंडळींचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते मला पटतंही. स्पर्धेची तयारी करणाऱ्याला आकडे लागतात. विशेषतः सावकाश धावायच्या दिवशी ठोके बघितले नाहीत तर जोशात वेग वाढतो आणि दुखापत होते. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा घालून दिली असेल तर तिथे घड्याळ हवंच. आणि काहींचा जीव खरोखर आकड्यांत रमतो. रविवारी बसून आठवड्याचे ग्राफ बघणं हाच त्यांचा विरंगुळा असतो. त्यांच्याशी माझा वाद नाही. माझं म्हणणं माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना चालायला मुळातच आवडत होतं आणि ते आवडणं कधी गेलं हेही कळलं नाही.

मी घड्याळ काढून ठेवलं त्याचे पहिले पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. रिकाम्या मनगटाकडे नजर जायची. एकदा तासभर छान चालून आले आणि मनात आलं, आजचं चालणं वाया गेलं. वाया! तासभर चालले होते, पाय दमले होते, भूक लागली होती, रात्री गाढ झोप लागणार होती, आणि कुठे नोंद झाली नाही म्हणून ते वाया? त्या एका शब्दाने मला जितकं हलवलं तितकं कुठल्याच संशोधनाने हलवलं नाही.

मग गोष्टी परत यायला लागल्या. आधी आवाज आले. बारीक खडीवर बुटांचा होणारा, दर चार पावलांना पडणाऱ्या श्वासाचा. मग चढ परत आला, मग पोहणं. धावताना मी आता स्वीडिश पद्धतीने खेळते. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मर नावाच्या प्रशिक्षकांनी 'फार्टलेक' काढलं, त्याचा अर्थच वेगाचा खेळ. त्या खांबापर्यंत जोरात, मग वाटेल तितकं हळू, मग पुढच्या वळणापर्यंत परत जोरात. किती सेकंद, किती मीटर, काही नाही. कधी दम लागून गुडघ्यांवर हात टेकते तर हसू येत असतं. महिन्यातून एकदा स्टॉपवॉच लावून पाच किलोमीटर धावते, आकडा वहीत लिहिते आणि वही मिटून ठेवते.

आता आईचं सांगते, कारण तिने माझं मत परत थोडं हलवलं.

आई ७१ वर्षांची आहे. या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालणं हळूहळू वाढवायला सांगितलंय, आणि माझा जुना बँड तिने स्वतःहून मागून घेतला. मला धास्ती वाटली, पण देऊन टाकला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांवरचा अभ्यास आला होता. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबला. मी आईला एवढंच सांगितलं की तुला दहा हजारांच्या मागे लागायचं नाहीये, साडेचार पुष्कळ झाली. तिने ते आनंदाने मान्य केलं. संध्याकाळी आकडा बघून तिचा चेहरा फुलतो, अगदी माझा त्या वहीपुढे फुलायचा तसा.

काल आम्ही दोघी गेलो होतो. माझं मनगट रिकामं, तिच्या मनगटावर बँड. त्या झाडापाशी ती थांबली. मागच्या वर्षीचं घरटं विस्कटलंय, पण काड्या अजून आहेत. मी शेजारी उभी राहिले. तिने चष्मा आणला नव्हता, म्हणून मनगट माझ्यापुढे धरलं. "किती झाली गं?"

"चार हजार एकशे ऐंशी."

"मग घरी जाईपर्यंत होतील," ती म्हणाली, हात परत मागे बांधले आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिली.