सर्वानुमते म्हणजे नक्की कोणाच्या मते?

"मतां मोजलास की वाडी फुटली समज," असं तांडेलकाका म्हणाले आणि तिथून वाद सुरू झाला. विषय तरुण मंडळाच्या सभेचा. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, मतदान ही संसदेतली पद्धत मंडळात आणायची की नको? मालवणकडच्या एका बंदरावरचा कट्टा, संध्याकाळची वेळ. बसलेले चौघं: होडीवर तांडेल असलेले काका, हायस्कूलचे मास्तर, ग्रामपंचायतीत काम करणारी ताई आणि मंडळाचा खजिनदार. बोलणं बरंच झालं, त्यातलं कामाचं तेवढं इथे उतरवून ठेवतोय.

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. "जाणते बसतत, बोलतत. ज्येका पटला नाय तो दोन दिवस रुसता, मगे येता. हात वर करूक लावलास की कोण कोणाच्या बाजूक ता सगळ्यांका दिसला. ता मगे शिमग्यापर्यंत मनातसून जायत नाय."

खजिनदाराने विचारलं, "मग वहीत 'सर्वानुमते मंजूर' लिहितो ते कोणाच्या मते, काका? अध्यक्ष म्हणतात, 'सगळ्यांना मान्य ना?' पुढे बसलेले तिघं 'होय होय' करतात. मागे भिंतीला टेकून उभी असलेली पोरं गप्प, आणि ते गप्प राहणं होकार म्हणून धरलं जातं. वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन फिरायचं मात्र त्याच पोरांनी."

मला विचाराल तर सगळ्या पद्धतीचं कारण या भिंतीजवळच्या पोरांत आहे. पुढे बसणाऱ्यांचं नियमांवाचून काही अडत नाही.

मास्तरांनी उगम थोडक्यात सांगितला. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन लष्करातला इंजिनिअर. 1863 साली न्यू बेडफर्डमध्ये चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्याकडे आलं, आणि सभा आवरता येईना. मग त्याने संसदीय पद्धतींचा अभ्यास करून साध्या संस्थांना झेपतील असे नियम बसवले. ते 1876 साली छापून आले. "म्हणजे ही पद्धत खासदारांची असली तरी हे नियम आपल्यासारख्यांसाठीच लिहिलेत," मास्तर म्हणाले. "आणि साधारण डझनभर माणसांच्या समितीला त्यात मोठी सूट आहे. अनुमोदक लागत नाही, उभं राहायला नको, अध्यक्षालाही चर्चेत बोलता येतं. आपली कार्यकारिणी अकराची, तिला एवढं पुरे. कडक पद्धत हवी ती सर्वसाधारण सभेला."

"ती चलता कशी ता सांगा मास्तरांनू, नावां नकोत," काका म्हणाले.

मास्तरांनी कबड्डी स्पर्धेचं उदाहरण घेतलं. समजा, ठराव आला: 'नारळी पौर्णिमेच्या कबड्डी स्पर्धेसाठी मंडळाने 40,000 रुपयांपर्यंत खर्च करावा.' सूचकाने मांडला, अनुमोदकाने अनुमोदन दिलं. अनुमोदन म्हणजे पाठिंबा नव्हे, 'यावर बोलायला हवं' एवढाच त्याचा अर्थ. अनुमोदकच मिळाला नाही तर विषय तिथेच संपला, सभेचा अर्धा तास वाचला. मग अध्यक्षाने ठराव शब्दशः पुन्हा वाचायचा. ही पायरी सगळीकडे गाळतात, आणि शेवटी कशावर हात वर केला हेच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पहिल्यांदा सूचक बोलतो. नंतर जो एकदाही बोललेला नाही त्याला दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी संधी. रॉबर्टच्या नियमांत एका विषयावर एका माणसाला दोनदा, दर वेळी दहा मिनिटं मिळतात. मंडळाला तीन मिनिटं रग्गड.

आता कोणी म्हणालं, 40,000 नको, 25,000 करा. ही दुरुस्ती. तिलाही अनुमोदक हवा, आणि ती निकालात निघेपर्यंत चर्चा फक्त तिच्यावर.

"आणि इथेच घोळ होतो," ताई म्हणाली. "अध्यक्ष विचारून मोकळे होतात, 'चाळीस की पंचवीस?'"

तिने मोबाईलच्या उजेडात चिठोऱ्यावर आकडे मांडून दाखवले. हजर 30. बारा जणांना 40,000 हवेत, दहा जणांना 25,000, आणि आठ जणांना यंदा स्पर्धाच नको. 'चाळीस की पंचवीस' विचारलं तर त्या आठांनी हात कुठे वर करायचा? ते गप्प बसतात आणि बारा विरुद्ध दहाने 40,000 पास होतात. म्हणजे तिसांतल्या अठरांना नको असलेला आकडा. आता पद्धतीने जा. आधी दुरुस्तीवर मतं: दहांबरोबर ते आठही येतात, कारण स्पर्धा होणारच असेल तर त्यांना स्वस्तातली बरी. अठरा विरुद्ध बारा, दुरुस्ती मंजूर. आता मूळ ठराव 25,000 चा झाला, त्यावर पुन्हा मतं घ्यायची. बावीस बाजूने, आठ विरोधात. तेच लोक, तीच मतं, निकाल वेगळा. शिवाय आठांचा विरोध आकड्यासकट वहीत राहिला.

काका चिठोऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ता पटला. पण ते आठजण वर्गणी देवचे नायत, त्येचा काय?"

मास्तरांचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटलं. काकांची 'बसून बोलूया' ही रीत नियमांच्या बाहेर नाही. मतदानाआधी कोणीही सुचवू शकतो की विषय पुढच्या सभेवर ढकलावा किंवा समितीकडे द्यावा. मात्र समितीत कोण, किती जण आणि अहवाल कोणत्या तारखेला, हे त्याच ठरावात लिहायचं. ते राहिलं की समिती म्हणजे विषयाला मूठमाती. उलट चर्चा बंद करून लगेच मतं घ्या म्हणणाऱ्याला रॉबर्ट साध्या बहुमतावर सोडत नाही. दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे निम्म्याहून एक जास्त घेऊन उरलेल्यांचं तोंड बंद करता येत नाही. आणि हरलेल्यांनी तोच विषय त्याच सभेत पुन्हा पुन्हा उकरू नये यासाठीही सोय आहे: झालेल्या निर्णयाचा त्याच सभेत फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानेच मागायचा.

हात वर केल्यावर बाजू दिसते, या काकांच्या मुद्द्यावर चिठ्ठी हा उपाय. माणसांची निवड असेल तेव्हा तर चिठ्ठीच हवी. एकाच मापाचे कागद, सगळ्यांना एकाच शाईचं पेन, मोजायला दोन बाजूंचे दोघं. चिठ्ठ्या हजेरीपेक्षा जास्त निघाल्या तर न उघडता फेरमतदान.

समान मतं पडली तर? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 100 प्रमाणे लोकसभा अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान झाल्यावर निर्णायक मत देतात. रॉबर्टच्या नियमांत समसमान म्हणजे ठराव पडला, आणि निकाल बदलत असेल तेव्हा अध्यक्षाला मत देता येतं. दोन्ही चालतं, पण आपलं कुठलं ते आधी नियमावलीत लिहा.

कोरम, म्हणजे सभेला निदान किती जण हजर हवेत, त्याबद्दलही तेच. संसदेला एक दशांश, ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार यांतली कमी संख्या. रॉबर्ट मात्र, संस्थेने वेगळं ठरवलं नसेल तर, निम्म्याहून जास्त सभासद मागतो. साठ सभासदांच्या मंडळाला एक तृतीयांश म्हणजे वीस ठीक, असं चौघांचंही मत पडलं. कोरम फक्त सुरुवातीला मोजून चालत नाही. रात्री दहाला निम्मे उठून गेले की त्यानंतरचे ठराव लटके. अर्ध्या तासाने तहकूब सभा कोरमशिवाय घ्यायची सवलत नियमावलीत असेल तरच वापरायची, आणि तिच्यात नोटिशीतले विषय सोडून काहीही घ्यायचं नाही.

खजिनदार इथे तावातावाने बोलला, आणि त्याचं बरोबर होतं. "सगळी गडबड 'ऐनवेळचे विषय' मध्ये होते. विषयपत्रिकेत शेवटचा नंबर, लोक चपला शोधतायत, आणि तेवढ्यात साउंड सिस्टीम पास. पैशाचा, निवडीचा, नियमावली बदलण्याचा विषय ऐनवेळी घ्यायचाच नाही. लेखी नोटीस पंधरा दिवस आधी, प्रत्येक ठरावाची रक्कम त्यात लिहून."

तारखेवर मात्र एकमत झालं नाही. ताईला मे महिना हवा: चाकरमानी सुट्टीला आलेले, मार्चअखेरचे हिशोब तयार. काका उसळले, "एकतीस मेपर्यंत आम्ही दर्यात. मे महिन्यात सभा लावलास तर बंदरावरचो एक माणूस गावाचो नाय." 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावरचे सगळे मोकळे, पण मुंबईकर गेलेले. गणपतीत सभा ठेवली तर मुंबईकर जास्त, ते ठराव करून गौरी-गणपती पोचवून गाडीत बसतात आणि राबायला गावातले उरतात. माझं मत जूनच्या बाजूने: काम करणाऱ्यांना सोईची तारीख धरावी, आणि मुंबईच्या सभासदांना दुरुस्ती लेखी पाठवू द्यावी. व्हिडिओ कॉलवर हजर असणाऱ्यांची मतं धरायची की नाही, हा वाद तसाच राहिला.

वहीबद्दल ताईने बजावलं. पानांना आधीच नंबर घाला. हजेरीच्या सह्या सभा सुरू होण्याआधी, नंतर घरोघरी फिरून नव्हे. कोण काय बोललं ते लिहू नका. ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक आणि मतांचा आकडा लिहा. दोन ठरावांमध्ये रिकामी जागा सोडू नका, खाडाखोडीवर अध्यक्षांची सही घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त 'कायम' करतात म्हणजे नोंद बरोबर आहे एवढंच ठरवतात. तिथे जुना वाद पुन्हा खेळायचा नाही. मंडळ नोंदणीकृत असेल तर या वहीवर पुढचं सगळं उभं असतं. बँकेत सह्या बदलायच्या तर ठरावाची प्रत लागते. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज. आणि 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थेचे उद्देश बदलायचे तर एका विशेष सभेत तीन पंचमांश मतं, महिन्याने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश.

उठता उठता काकांनी एक अट घातली. "पालखी खयच्या घराक आधी जातली, मान कोणाचो, ह्येच्यावर कोणी ठराव हाडूचो नाय."

मास्तर म्हणाले, "आणता येणारच नाही. तो मंडळाच्या कक्षेतला विषय नाही. कोणी मांडलाच तर कुणीही सभासदाने तिथल्या तिथे हरकतीचा मुद्दा घ्यायचा. त्याला अनुमोदक लागत नाही, बोलणाऱ्याला थांबवूनही घेता येतो, आणि अध्यक्षांनी चर्चा न होऊ देता निर्णय द्यायचा. पालखीच्या वाटेवरच्या लाइटचा खर्च मात्र मंडळाचा. त्यावर ठराव होईल."

"लाइटीचो होवंदे," काका म्हणाले. "रक्कम नोटिशीत लिवा."